बाबांनी नापास केलेलं लोणी

आमच्या घरात लोणी चांगलं आहे की बिघडलं हे ठरवायचं काम आईच्या नाकाकडे होतं. ती फ्रिज उघडायची, पातेल्यावरचं झाकण दोन बोटं सरकवायची, वास घ्यायची आणि झाकण लावून टाकायची. निकाल दोनच असत. एक, "चालेल." दुसरा, "आजच कढवून टाकते." पहिल्या निकालानंतर थालीपिठावर लोण्याचा गोळा मिळायचा, दुसऱ्यानंतर भातावर साजूक तूप, म्हणजे कसंही झालं तरी आमचा फायदाच होता. त्यामुळे या न्यायदानात कुणी कधी लक्ष घातलं नाही. लक्ष घातलं ते बाबांनी, आणि तेही कारखान्यातून कायमचे घरी आल्यावर.

बाबा पिंपरीच्या बाजूच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी विभागात होते. गाड्यांचे सुटे भाग तयार होऊन त्यांच्या टेबलावर यायचे. ते मापायचे, उजेडात फिरवून बघायचे आणि पास किंवा नापास ठरवून खाली सही करायचे. पुढे परदेशी भागीदार आले, नवी यंत्रं आली आणि सूचनाफलकावर व्हीआरएसचा कागद लागला. बाबांनी तिसऱ्याच दिवशी अर्ज भरून दिला. नातेवाइकांना वाटलं, एकरकमी पैशाला भुलले. खरं कारण त्यांनी फक्त आईला सांगितलं, आणि आईनं मला. बाबांनी नापास केलेला माल वरचे साहेब स्वतःच्या सहीनं पुढे पाठवत होते. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी त्या साहेबांनी बाबांच्या देखत एक नग हातात घेतला आणि आपल्याला तर यात काही दिसत नाही, असं चारचौघांत म्हणाले. त्या दिवशी घरी येऊन बाबा जेवले नाहीत.

मग कसब्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांचा मुक्काम सुरू झाला. सकाळी सहाला आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि गॅलरीतली खुर्ची. कंपनीची बस यायची वेळ झाली की ते अजूनही मनगटावरच्या घड्याळात बघायचे. चोपन्न वर्षांचा धडधाकट माणूस, आणि त्याला कुणी काही विचारेनासं झालं होतं. मला त्यांची फार काळजी वाटायची. काळजी वाटली की मी चिडते, हा माझा जन्मजात दोष आहे, त्यामुळे ते दिवस आमच्या घरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच होता.

त्यात मला नेमकी तेव्हाच हिंजवडीत नोकरी लागली, तीही सॉफ्टवेअर टेस्टिंगची. पोरगी आपल्याच खात्यात आली म्हणून बाबांना बरं वाटलं. मापायला काय देतात, असं त्यांनी विचारलं. मापायला काही देत नाहीत, पडद्यावर बघून चुका शोधायच्या असतात, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि विषय बदलला. ऑफिसातून मी त्यांना फोन करायची. जेवलात का, झोप लागली का, आत्ता काय करताय. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "दर तासाला तपासू नकोस. आहे अजून."

करायला काही नसल्यामुळे त्यांनी घरच तपासायला घेतलं. गॅसची शेगडी एका बाजूला कललेली आहे, पोळ्यांचे व्यास सारखे नाहीत, डब्यांची झाकणं आपापल्या डब्यांवर नाहीत. गॅलरीत बसून उंटावरून शेळ्या हाकायचं काम ते मन लावून करत होते. आईनं महिनाभर ऐकून घेतलं. मग एके दिवशी लाटणं हातात धरूनच तिनं विचारलं, तीस वर्षांत मी कधी तुमच्या कारखान्यात आले होते का? पोळ्यांचा विषय तिथे संपला.

लोण्याचं प्रकरण झालं ते मावशीच्या ऑपरेशनमुळे. आईला दहा दिवस नाशिकला जावं लागलं. जाताना तिनं सायीचं पातेलं बाबांच्या ताब्यात दिलं आणि सगळं नीट समजावलं. रोजची साय त्यात घालायची, विरजण लावलेलंच आहे, रविवारी घुसळायचं, लोणी वर आलं की गार पाण्यानं धुवायचं आणि पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं. पाणी रोज बदलायचं. बाकी काही करू नका, असं ती दोनदा म्हणाली. हे शेवटचं वाक्य म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होतं.

घुसळण्यापर्यंत सगळं उत्तम झालं. बाबांनी लोणी सात पाण्यांनी धुतलं. शेवटचं पाणी नळाच्या पाण्याइतकं नितळ आलं तेव्हा त्यांनी मला हाक मारून ते दाखवलं. मग त्यांनी लोण्याचे बारा सारखे गोळे केले. प्रत्येक गोळा वेगळ्या वाटीत, वाटीत पाणी, वाटीवर ताटली, ताटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर आणि वार. फ्रिजमध्ये दुसरं काही ठेवायला जागा उरली नाही. मी अर्धं कापलेलं खरबूज कसंबसं सहा आणि सात नंबरच्या मध्ये घुसवलं.

त्यानंतर तपासणी सुरू झाली. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, शिवाय दुपारी तुलनेसाठी. प्रत्येक गोळा बाहेर काढायचा, खिडकीपाशी उजेडात नेऊन फिरवायचा, सुरीनं एक पातळ चकती कापायची, हुंगायची, चाखायची आणि वहीत शेरा लिहायचा. मला ते बघून खरं तर आनंदच झाला होता, कारण माणूस खुर्चीतून उठला होता. पाचव्या दिवसापर्यंत गोळे लिंबाएवढे झाले. सातव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर बाबा ओट्याशी उभे होते आणि त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं की बाराही नापास झाले आहेत. त्यांचा संशय आधी दूधवाल्यावर होता, मग फ्रिजवर, आणि शेवटी गुरुवारी दुरुस्तीसाठी जाणाऱ्या विजेवर.

आई आली. तिनं बारा वाट्या बघितल्या, चिठ्ठ्या वाचल्या आणि ही झाकणं दिवसातून किती वेळा उघडलीत, एवढंच विचारलं. बाबांनी खरं ते सांगितलं. आई स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"बघून बघून नासवलंत," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं, आता हे पुन्हा गॅलरीत जाऊन बसणार. पण बाबा तिथेच उभे राहिले. हवा, उजेड आणि हाताची ऊब या तीन गोष्टी लोण्याला सोसत नाहीत, जितक्या वेळा कापाल तितकं ते उघडं पडतं, असं आई सांगत होती आणि ते मान हलवत होते. सहा आणि सात नंबरला खरबुजाचा वास कसा, याचाही उलगडा झाला. शेजारी जे ठेवाल त्याचा वास लोणी ओढून घेतं. मग बाबांनी असं काही विचारलं जे तिला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. तुला एका वासात कसं कळतं, ते मला शिकवशील का?

आईला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. तिला आठवत आठवत सांगावं लागलं, आणि त्याला पुढचे दोन आठवडे लागले. आधी पाणी बघायचं. ते गढूळ झालं असेल तर धुताना ताक आत राहिलंय. नुसता आंबट वास आला तर घाबरायचं नाही, ते ताकाचं आंबटपण असतं, लोणी लगेच कढवलं की तूप चांगलं होतं. खवट वास मात्र वेगळा. डब्याच्या तळाशी राहिलेल्या जुन्या खोबऱ्याचा येतो तसा. खवट लोण्याचं तूपही खवटच होणार, तिथे कढवून काही उपयोग नाही. रंग बघायचा असेल तर एकदाच, मधोमध कापायचं. आत फिकट आणि कडेनं गडद पिवळी चौकट दिसली की समजायचं, बाहेरून जायला लागलंय. हिरवा-काळा ठिपका दिसला तर खरवडून वाचवायला जायचं नाही, सगळं टाकायचं. आणि सगळ्यात शेवटी, नखाएवढं जिभेवर ठेवून दहा आकडे मोजायचे, कारण कडवटपणा उशिरा येतो आणि जिभेच्या मागच्या बाजूला येतो.

हे दहा आकडे बाबांना फार आवडले. घराच्या कारभारात त्यांना पहिल्यांदाच काहीतरी पद्धतशीर सापडलं होतं. आईनंही मग हात आखडता घेतला नाही. तिनं मुद्दाम लोण्याचा एक तुकडा दोन दिवस खिडकीत ठेवून खवट केला, एक कांद्याशेजारी ठेवला, एक तसाच चांगला ठेवला, आणि बाबांचे डोळे बांधून परीक्षा घेतली. पहिल्या खेपेला त्यांनी तीनपैकी एकच बरोबर ओळखला. दिवाळीपर्यंत ते चुकेनासे झाले. इतकी वर्षं या दोघांचं बोलणं माझी फी, माझे मार्क आणि माझं लग्न एवढ्यावर चाललं होतं. आता मी आंघोळीला गेले तरी स्वयंपाकघरातून दोघांचं हसणं ऐकू यायचं, आणि मी मुद्दाम आणखी एक तांब्या अंगावर घ्यायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बेकरी होती. आमची इमारत उभी राहायच्या कितीतरी आधीपासून ती त्याच मुसलमान कुटुंबाकडे होती. आताचे मालक चाळिशीचे होते आणि त्यांचं मराठी आमच्यापेक्षा तिखट होतं. रविवारी सकाळी मी आणि बाबा तिथे चहा आणि बन-मस्का घ्यायला जायचो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाबांनी बनचा एक घास घेतला आणि ते थांबले. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजतायत हे माझ्या लक्षात आलं आणि मी दुसरीकडे बघायला लागले. दहा झाल्यावर त्यांनी बशी उचलून काउंटरवर ठेवली आणि मस्का खवट आहे, नापास, असं भरल्या दुकानात सांगितलं.

मालकांनी मान वर न करता उत्तर दिलं, की काका, वीस वर्षं लोक खातायत, अजून कुणी तक्रार केलेली नाही. त्यावर बाबा म्हणाले, "हा वीस वर्षांपूर्वीचाच असेल."

दुकान हसलं. मालकांनी आतून लोण्याचा अख्खा ठोकळा आणून काउंटरवर ठेवला आणि दाखवा, असं म्हणून सुरी पुढे केली. बाबांनी एकदाच, मधोमध कापलं. आत फिकट पांढरं, आणि कडेनं पिवळी चौकट. मालकांनी वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकलं, थोडा वेळ उभे राहिले आणि मागे जाऊन थुंकून आले. मग दुसरा ठोकळा फोडून त्यांनी आमचे बन स्वतःच्या हातानं लावून दिले, आणि पुढच्या रविवारपासून बाबांच्या बशीत मस्का वाढण्याआधी "पास?" असं विचारायला लागले.

रमजान लागायच्या आदल्या दिवशी ते तीन मजले चढून आमच्या घरी आले. हातात खारीचा पुडा होता. रोजचा माल वनस्पती तुपात होतो, पण ईदची नानकटाई त्यांच्याकडे खऱ्या लोण्याची असते, आणि महिनाभर ते स्वतः, त्यांचे भाऊ आणि कारागीर सगळेच रोज्यात असतात. लोणी चाखणार कोण? जिभेला लावून थुंकलं तर चालतं असं काही जण म्हणतात, पण त्यांना ते पटत नव्हतं, दिवसभर मन त्यातच अडकून राहतं म्हणाले. आणि भट्टीपुढे उभं राहून, वेलदोड्याच्या घमघमाटात, नाकाला फक्त वेलदोडाच कळतो. गेल्या वर्षी एक घाणा खवट लोण्यात गेला होता. लोक ईदला तोंडावर काही बोलत नाहीत, दुसऱ्या वर्षी येत नाहीत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तशी त्यांची गत झाली होती. तर काका, रोज साडेदहाला अर्धा तास येऊन जाल का, एवढा महिनाभर?

बाबांनी विचार करून सांगतो म्हटलं. जिन्यावरचा पावलांचा आवाज थांबला तसा त्यांनी आईला आपला पांढरा शर्ट कुठे आहे ते विचारलं. दुसऱ्या दिवशी साडेदहाची वेळ असताना ते पावणेदहालाच घरातून निघाले.

तो महिना आमच्या घरात सण असल्यासारखा गेला. अर्ध्या तासाचे दोन तास झाले, मग तीन. बाबांनी बेकरीतला मोठा फ्रिज रिकामा करवून नव्यानं लावला. जुने ठोकळे पुढे, नवे मागे. प्रत्येक ठोकळा बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळलेला आणि झाकणाच्या डब्यात. वेलदोडा, इसेन्सच्या बाटल्या आणि यीस्ट या सगळ्यांची रवानगी दुसऱ्या कपाटात. चिठ्ठी एकच, माल आल्याच्या वाराची. आणि कापायचं प्रत्येक ठोकळ्याला एकदाच, वापरायच्या दिवशी. आईचा हा नियम ते कारागिरांना इतक्या कडक आवाजात सांगत, की तो कुणी मोडला तर आता काय होईल अशी मलाच भीती वाटायची. गुरुवारी वीज गेली की ते फ्रिजच्या दारासमोर स्टूल टाकून बसायचे आणि वीज येईपर्यंत दार कुणाला उघडू द्यायचे नाहीत. दुपारी घरी यायचे ते वेलदोड्याच्या वासानं भरलेले. जेवताना आईला सगळा अहवाल द्यायचे, आणि ती मध्येच एखादी चूक काढायची. मी ऑफिसातून फोन करणं थांबवलं, कारण उचलायला घरी कुणी नसायचं.

फक्त एक गोष्ट मला आतून कुरतडत होती. रमजान एका महिन्याचा असतो. बाबांना बोलावलं होतं ते कुणाला चाखता येत नव्हतं म्हणून. ईद झाली की सगळ्यांच्या जिभा मोकळ्या होणार होत्या. मग बाबांचं काय? मी ऑफिसात बसून दिवस मोजायची. ईदला चार दिवस राहिले तेव्हा मला राहवेना आणि मी आईला म्हटलं, आपण बेकरीवाल्यांशी बोलू या का, की पुढेही बोलवा. आईनं हातातली कढई खाली ठेवली.

"अजिबात बोलायचं नाही," ती म्हणाली. "कीव करून बोलावलंय हे ओळखायला ह्यांना दहा आकडे मोजायचीही गरज पडणार नाही."

ईदच्या दिवशी बेकरीवाले शीरखुर्मा आणि नानकटाईचे दोन डबे घेऊन आले. बाबांना त्यांनी दारातच मिठी मारली. महिनाभर तुम्हाला त्रास दिला, तुमची मेहेरबानी, असं म्हणाले. बाबा म्हणाले, त्रास कसला. दोघंही फार चांगलं बोलले, आणि मला ते सगळं निरोपासारखं ऐकू आलं. नानकटाई तोंडात विरघळत होती. बाबांनी एकच खाल्ली, डोळे मिटून, आणि गॅलरीत जाऊन बसले. ईद धरून दोन दिवस बेकरी बंद होती, आणि ते दोन्ही दिवस ते तिथेच होते.

तिसरा दिवस शनिवार होता, मला सुट्टी होती. साडेदहा वाजले. बाबांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता, खिशाला पेन होतं, पण ते खुर्चीतून उठले नाहीत. अकराच्या सुमारास त्यांनी आईला विचारलं, ब्रेड आणायचाय का? फ्रिजमध्ये अख्खा ब्रेड होता आणि तो बाबांनीही बघितलेला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार होता तो सगळा. आई म्हणाली, हो, आणा. मलाही पाय मोकळे करायचेत, असं सांगून मी चपला घातल्या.

बेकरीत गडबड होती. भट्टी पेटली होती, नाताळच्या, खऱ्या लोण्यातल्या केकची तयारी चालली होती, मोठ्या टेबलावर मैदा आणि साखर मांडून ठेवलेली होती. मालक काउंटरवर उभे राहून चहात बुडवून खारी खात होते. मला सगळ्यात आधी तेच दिसलं, ते खात होते. या काका, असं म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला. बाबांनी ब्रेड मागितला. ब्रेड मिळाला. आता निघायला हवं होतं, पण बाबांची नजर टेबलावर गेली. तिथे लोण्याचे चार मोठे ठोकळे काढून ठेवलेले होते.

हे कुठे ठेवलेले होते, असं बाबांनी एका कारागिराला विचारलं. तो म्हणाला, भट्टीशेजारच्या कोनाड्यात. सुट्टीच्या आदल्या दिवशी मऊ व्हायला बाहेर काढले आणि गडबडीत तिथेच राहिले. थंडीचे दिवस आहेत, काय होतंय. बाबांनी ब्रेड माझ्या हातात दिला, आत गेले आणि सुरी मागितली. त्यांनी पहिला ठोकळा मधोमध कापला. मी वाकून बघितलं. मला काहीही दिसलं नाही. खरंच सांगते, आतला आणि बाहेरचा रंग मला सारखाच वाटला. बाबांनी वास घेतला, नखाएवढं जिभेवर ठेवलं, त्यांचे ओठ हलायला लागले. मग दुसरा कापला, तिसरा कापला, चौथा कापला. प्रत्येक वेळी दहा आकडे. सगळे कारागीर हात थांबवून बघत होते.

"दिसत नाही काही," बाबा म्हणाले, "पण गेलंय. चारही नापास."

मालक चहाचा कप ठेवून आत आले. दुसरं लोणी संध्याकाळशिवाय येणार नव्हतं, म्हणजे आजचे केक होणार नव्हते. अशा वेळी समोरचा माणूस काय करतो हे बाबांना तीस वर्षांत नीट कळलेलं होतं. त्यांनीच सुरी मालकांच्या पुढे सरकवली. आवाज शक्य तितका साधा ठेवून ते म्हणाले, की आता तुमचे रोजे संपलेत, तुम्ही स्वतः चाखून बघा आणि मग ठरवा.

मालकांनी सुरी बाजूला केली. दोन ठोकळे उचलले, मागच्या बाजूला, खराब तूप-लोणी नेणाऱ्या साबणवाल्यासाठी ठेवलेल्या पिंपात टाकले, आणि परत येऊन उरलेले दोन नेऊन टाकले.

"अहो, एकदा चाखून तरी बघायचं," बाबा म्हणाले.

"तुम्ही चाखलंत ना काका," मालक हात पुसत म्हणाले. "मग मी कशाला चाखू?"

एवढं बोलून त्यांनी कारागिरांना आज खारी आणि टोस्ट घ्या, केक उद्या, असं सांगितलं. परत काउंटरवर जाऊन चहाचा घोट घेतला, तो गार झाला होता म्हणून चहावाल्याच्या नावानं शंख केला, आणि तिथूनच ओरडून बाबांना विचारलं की डेअरीचा टेम्पो सहाला येईल, तुम्ही असाल ना?

बाबा मैद्याच्या पोत्यावर बसले. महिनाभरात ते तिथे कधी असे पोत्यावर बसले नव्हते, शर्ट खराब होईल म्हणून. त्यांनी खिशातलं पेन काढलं, उगाच बघितलं आणि परत ठेवलं. मग ते हसायला लागले, आवाज न करता, नुसते खांदे हलवत, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी माझ्या वडिलांना इतकं सुखी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. माझाही चेहरा सगळा ओला झाला होता आणि एक कारागीर माझ्याकडे बघत होता, पण मला त्याचा राग आला नाही.

घरी पोचायला आम्हाला एक वाजला. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून बाबा मला त्या चार ठोकळ्यांबद्दल सांगत होते, जणू मी तिथे नव्हतेच. आईनं दार उघडलं, दोघांचे रिकामे हात बघितले आणि ब्रेड कुठाय, असं विचारलं. तो आम्ही मैद्याच्या पोत्यावरच विसरून आलो होतो.

"संध्याकाळी आणतो," बाबा चपला काढत म्हणाले. "सहाला जायचंच आहे मला. काम आहे."